हवेचे दाम वेगळे हवेत

अमेरिकेतील स्कूबा साहित्याचे दुकानदार इंटरनेटवरील विक्रेत्यांच्या नावाने खडे फोडतात, ते केवळ पोटदुखीपायी असे म्हणता येणार नाही. ग्राहक दुकानात येतो, मास्क चेहऱ्यावर बसवून पाहतो, कोणता रेग्युलेटर घ्यावा याचा सल्ला घेतो आणि घरी जाऊन तीच वस्तू इंटरनेटवरून स्वस्तात मागवितो. श्रम एकाचे, नफा दुसऱ्याचा! उत्पादक किमान विक्रीकिंमत का ठरवू पाहतात, याची उकल अर्थशास्त्रज्ञ लेस्टर टेल्सर यांनी १९६० साली याच फुकटेपणाच्या आधारे केली होती. पुढे २००७ मध्ये 'लीजिन' खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी, अशा किंमतनिश्चितीवरील १९११ पासूनची सरसकट मनाई उठविली.

परंतु हा उपाय न्याय्य नव्हे. त्यात ज्याला सल्ला नको, त्या अनुभवी पाणबुड्यालाही सल्ल्याचे दाम मोजावे लागते. दुसरीकडे, केवळ स्वस्ताईला भुलणेही शहाणपणाचे नाही. समुद्रात १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तेथे रेग्युलेटर अडला तर वाचविलेले डॉलर काय कामाचे? शिवाय सिलिंडरमध्ये हवा काही टपालाने भरून येत नाही. त्यासाठी गावात काँप्रेसर आणि तो चालविणारा जाणकार लागतोच.

खरी चूक दुकानदारांच्या हिशेबात आहे. हवा आणि शिकवणी स्वस्त ठेवायची व साहित्यावर नफा काढायचा, हे जुने गणित आता मोडले आहे. बाहेरून आणलेल्या साहित्याच्या तपासणीचे आणि सल्ल्याचे दर स्वच्छपणे दुकानात लावण्यात संकोच कसला?