खाणावळीच्या अंड्यातून कोरोनरी कशी दिसणार?

प्रात्यक्षिकांच्या साहित्याबद्दल तक्रारींची पत्रे आमच्याकडे नेहमीच येतात आणि बहुतेकदा आम्ही ती छापत नाही. या महिन्यात आलेले एक मात्र बाजूला ठेवता येईना. एका महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाने चार डझन फलित अंड्यांची मागणी भांडार विभागाकडे पाठवली. हेतू स्वच्छ लिहिला होता: कोरोनरी रोहिण्या महारोहिणीला कधी आणि कशा जोडल्या जातात, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना भ्रूणात दाखवणे. नस्ती शेरा घेऊन परत आली. अंडी ही खाद्यवस्तू असून वसतिगृहाच्या खाणावळीचा दरकरार अस्तित्वात आहे, सबब स्वतंत्र खरेदीचे प्रयोजन दिसून येत नाही.

विभागप्रमुखांनी फलित आणि अफलित यांतला फरक परिच्छेद पाडून लिहिला. त्यावर विचारणा आली: हा माल महाग का, तीन दरपत्रके कुठे आहेत आणि प्रयोगानंतर जडसंग्रह नोंदवहीत शिल्लक काय दाखवणार? मार्चअखेर तोंडावर आला तसा खाणावळीचा ठेकेदारच दोन ट्रे ठेवून गेला. ती अंडी इमानेइतबारे ३८ अंशांवर ठेवली गेली. आठवड्याने खिडकी कापली तर आत पातळ झालेला बलक. पिंजऱ्यातल्या लेअर कोंबडीने जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो, हे खेड्यातले पोरसुद्धा सांगेल. खरेदी समितीत मात्र एकालाही ते सुचले नाही, आणि समितीवर दोन डॉक्टर होते!

हे हसण्यावारी नेता येत नाही. कोरोनरींचा प्रश्न मुळात अंड्याच्या खिडकीतूनच पालटला. महारोहिणीला दोन कोंब फुटतात आणि ते हृदयावर पसरत जातात, हे आपल्यातल्या ज्येष्ठांनी पाठ केले, उत्तरपत्रिकेत लिहिले आणि पुढे शिकवलेही. १९८९ साली लायडनच्या बोगर्स आणि सहकाऱ्यांनी ‘आतून बाहेर की बाहेरून आत’ असा सरळ प्रश्न टाकला आणि कौल बाहेरून आत येण्याच्या बाजूने दिला. पुढच्याच वर्षी वाल्डो, विलनर आणि कर्बी यांनी कोंबडीच्या भ्रूणात तेच दाखवले. महारोहिणीच्या बुडाशी आधी केशवाहिन्यांचे कडे तयार होते. त्यातल्या काही वाहिन्या महारोहिणीच्या भिंतीत शिरतात आणि अखेर दोनच मुखे टिकतात. १९९२ साली मिकावा आणि फिशमन यांनी रेट्रोव्हायरसने पेशींना खूण करून दाखवले की कोरोनरी सलग वाढत नाहीत; त्यांचे तुकडे जागोजागी तयार होऊन मग जुळतात.

हे सगळे आपल्या टेबलावर दिसू शकते. तिसऱ्या दिवशी खिडकीतून पाहावे तर सायनस व्हेनोससच्या बाजूने प्रोएपिकार्डियमचे बारीक फुगे द्राक्षांच्या घोसासारखे हृदयाकडे झुकलेले असतात. सहाव्या दिवशी महारोहिणीत इंडिया इंक सोडली तर शाई कमानींतून पुढे निघून जाते, निलयाची भिंत कोरीच राहते. तोवर तिथे वाहिन्या नसतात असे नाही. एपिकार्डियमखाली जाळे असते, त्यात रक्तपेशीही असतात, फक्त महारोहिणीशी दार उघडलेले नसते. नवव्या-दहाव्या दिवशी तीच शाई दोन रेघांनी हृदयावर उतरते. ज्याने ही दोन भ्रूणे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तो ‘कोंब फुटतो’ असे पुन्हा कधी लिहिणार नाही.

त्यापुढचा वाद उंदरात गेला. २०१० साली स्टॅनफर्डच्या रेड-हॉर्स आणि सहकाऱ्यांनी सायनस व्हेनोससच्या नीला-पेशी ओळख बदलून कोरोनरी बनवतात असे मांडले. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने एंडोकार्डियमकडे बोट दाखवले. आज दोन्ही उगम मान्य आहेत: बाहेरच्या भिंतीत पहिल्याचा वाटा मोठा, पटलात दुसऱ्याचा. प्रोएपिकार्डियमकडून मुख्यतः स्नायूपेशी येतात. एंडोथेलियमला त्याचा हातभार किती, यावर अजून खडाजंगी चालूच आहे.

आणि आपला अभ्यासक्रम? २०१९च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात कोरोनरी सायनसच्या विकासाचा नावानिशी उल्लेख आहे, कोरोनरी रोहिण्यांच्या विकासाचा नाही. त्यांचा उगम, मार्ग आणि शाखा शिकवायच्या, इस्केमियाचा शारीर आधार शिकवायचा, पण त्या आल्या कुठून हे ‘हृदयाचा विकास’ या दोन शब्दांत गुंडाळायचे. डावी कोरोनरी फुप्फुस-रोहिणीतून निघालेले बाळ दूध पिताना घामाघूम होते आणि कार्डिओमायोपॅथीच्या लेबलाखाली फिरत राहते. ब्लँड, व्हाइट आणि गारलँड यांनी १९३३ साली वर्णन केलेल्या या विकाराचे मूळ त्या कड्याच्या चुकलेल्या जोडणीत आहे. हे पहिल्या वर्षात सांगायचे नाही तर कधी?

पण सगळे खापर कार्यालयावर फोडून चालणार नाही. किती सभासदांनी गेल्या पाच वर्षांत इनक्युबेटर चालू केला? किती विभागांत तो पाण्याच्या बाटल्या ठेवायला वापरला जातो? आदर्श उत्तरात ‘महारोहिणीचे कोंब’ लिहून बाहेरून आत येणाऱ्या वाहिन्या काढणाऱ्या मुलाचे गुण कापणारे परीक्षक आपलेच आहेत. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी या हंगामापासून ते उत्तर बदलावे. विनंती नव्हे, हा आग्रह आहे.

राहिली अंडी. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. सरकारी केंद्रातून सरकारी दराने घेतलेल्या वस्तूला तीन दरपत्रके कशाला, हे मागणीपत्रातच विचारा. नुसते ‘अंडी’ लिहू नका. ‘उबवणीयोग्य फलित अंडी, जैविक प्रयोग साहित्य, उपभोग्य’ असे लिहा, म्हणजे खाणावळ आणि जडसंग्रह दोन्ही टळतील. वाहतुकीत निमुळते टोक खाली ठेवा, फ्रीजमध्ये घालू नका, पंधरा ते अठरा अंशांवर ठेवून आठवड्याच्या आत लावा. एका विभागाला चार डझन जास्त होत असतील तर शेजारच्या महाविद्यालयाला दोन डझन द्या. आणि सहाव्या व दहाव्या दिवसाच्या शाई भरलेल्या हृदयांची छायाचित्रे पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. पाने राखून ठेवली आहेत.