तलाठ्याची धास्ती

सरकारी कचेरीत नवे यंत्र आले की कर्मचारी बिचकतात, आणि त्यांच्या बिचकण्याचे मूळ आळसात, अज्ञानात किंवा हातची सत्ता सुटण्याच्या दुःखात असते, हे मत अलीकडे इतक्या निःशंकपणे मांडले जाते की ते तपासून पाहण्याची आवश्यकताच कोणास वाटत नाही. महाराष्ट्राच्या महसूल खात्यात ई-फेरफार आला, 2018 च्या 1 मे पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा रयतेस मिळू लागला, 2021 साली ई-पीक पाहणीने पिकाची नोंद खुद्द शेतकऱ्याच्या हाती दिली. आणि तलाठ्यांनी तक्रार केली की हेच मत त्यांच्या माथी मारले गेले. मला ते अमान्य आहे.

त्यात तथ्यांश मुळीच नाही, असे मी म्हणत नाही. दप्तर ज्याच्या ताब्यात असे त्याची मर्जी सांभाळल्यावाचून उतारा मिळत नसे, हा अनेक खेड्यांचा कटू अनुभव आहे, आणि ती मक्तेदारी संपली याबद्दल ज्याला हळहळ वाटत असेल त्याचे समर्थन करण्याची माझी इच्छा नाही. परंतु सचोटीने काम करणारा तलाठीही धास्तावतो, याचा उलगडा या मताने होत नाही.

तो उलगडा सातबाऱ्याच्या घडणीतच आहे. एका गटाच्या उताऱ्यामागे कित्येक पिढ्यांच्या वारसनोंदी, वाटण्या, बोजे आणि इतर हक्क उभे असतात. ते लिहिणारे हात निरनिराळे, अक्षर कुठे पुसट, कुठे हिश्श्यांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी न जुळणारी, तर कुठे आठ-अ एक सांगतो आणि सातबारा दुसरेच. हे सारे संगणकात उतरले आणि त्यावर आज सज्जावर बसलेल्या माणसाची स्वाक्षरी उमटली, तेव्हा पूर्वीच्या सर्व तलाठ्यांच्या चुकांचे उत्तरदायित्व त्याला एका क्षणात आपल्या शिरावर आल्यासारखे वाटले. ही भीती यंत्राची नाही. दुसऱ्याच्या चुकीबद्दल आपली खातेनिहाय चौकशी होईल याची ती भीती आहे, आणि ती सर्वस्वी विवेकाची आहे.

म्हणूनच ‘प्रशिक्षण द्या, धास्ती जाईल’ हा उपायही मला अपुरा वाटतो. प्रशिक्षणाने नोंद कशी घालावी हे कळते. पण सर्व्हर बंद असताना नोंदीची मुदत टळली तर जाब कोणाला द्यावा लागेल, हे त्याने कळत नाही, आणि तलाठ्याची झोप उडते ती या दुसऱ्या प्रश्नाने.

मग धास्ती जाते कशाने? बँकांचा इतिहास येथे बोलका आहे. यंत्रे आली की नोकऱ्या जातील, या शंकेने तेथील संघटना अनेक वर्षे अडून होत्या. 1983 साली बँकांचे व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा रीतसर करार झाला, कोणती यंत्रे कोठे आणि किती हे ठरले, आणि बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी रंगराजन समितीने पुढल्या वर्षी दिलेल्या अहवालाला वाट मोकळी झाली. शंकेला वाटाघाटीत मानाचे स्थान मिळाले, हे त्यातले मर्म. महसूल खात्यानेही एक गोष्ट उत्तम केली: डिजिटल स्वाक्षरीपूर्वी गावोगाव चावडी वाचन करवले, सातबारा मोठ्याने वाचला गेला, खातेदारांनी आपल्या जमिनीच्या चुका स्वतः दाखवल्या. त्या दिवशी चूक ही तलाठ्याची खाजगी नामुष्की उरली नाही. ती गावाने मिळून दुरुस्त करावयाची बाब झाली.

या मार्गाने पुढे जाणे राहिले आहे. वारशाने आलेली चूक आणि हेतुपुरस्सर केलेला फेरबदल यांत शिस्तभंगाच्या नियमांनी स्पष्ट भेद करावा. महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती तहसीलदाराच्या हुकमाने होते. तो हुकूम महिनोन्‌महिने रेंगाळू नये, कारण दुरुस्तीचा विलंब शेतकऱ्याच्या पीककर्जाला आणि तलाठ्याच्या मनःस्वास्थ्याला सारखाच घातक असतो. सर्व्हर बंद पडल्याची नोंद यंत्रणेनेच ठेवावी आणि तितकी मुदत आपोआप वाढवावी. आणि आज्ञावलीत बदल करण्यापूर्वी, डोंगराळ मुलखात रेंज शोधत काम करणाऱ्या तलाठ्यांपैकी काहींना पुण्यास जमाबंदी आयुक्तांच्या कार्यालयात बोलावून त्यांच्याकडून तो आधी वापरवून पाहावा.

कागदाचे दप्तरच बरे होते, असे म्हणणाऱ्यांशी मात्र माझे मुळीच जमत नाही. वाळवीने खाल्लेले पान आणि खाडाखोड केलेली नोंद यांनी किती भावांना न्यायालयाच्या पायऱ्या चढावयास लावले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आज पंधरा रुपयांत, कोणाचे पाय न धरता, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो. रयतेचा हा हक्क तलाठ्याच्या धास्तीपायी मागे घेता येणार नाही, आणि तलाठ्याला निर्धास्त केल्यावाचून त्या उताऱ्यावरचा मजकूर बिनचूकही राहणार नाही.