नाताळापलीकडचा मराठी ख्रिस्ती

छावणीतून दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर पडेगाव लागते. एकेकाळी शहराबाहेरचे खेडे असलेला हा भाग आता छत्रपती संभाजीनगरात पुरता मिसळून गेला आहे. गंगापूर, वैजापूर, पैठण या तालुक्यांतून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांनी शहराच्या या कडेला घरे बांधली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. डिसेंबर उजाडला की त्यांच्या दारावर चांदणी टांगली जाते, दुकानांतून सांताक्लॉजच्या लाल टोप्या दिसू लागतात आणि वृत्तपत्रांची छायाचित्रे चर्चच्या रोषणाईने भरून जातात. २६ डिसेंबरला हा विषय संपतो. वर्षभर हा ख्रिस्ती शेजारी काय गातो, कोणत्या भाषेत प्रार्थना करतो, मुलांच्या शाळेच्या अर्जावर कोणता धर्म लिहितो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

चौकशीची गरज वाटत नाही, कारण ख्रिस्ती माणूस कसा असतो हे आपल्याला ठाऊक आहे, अशी आपली समजूत आहे. ती समजूत हिंदी चित्रपटांनी घडविली. 'ज्यूली' (१९७५), 'अमर अकबर अँथनी' (१९७७), 'बातों बातों में' (१९७९) या लोकप्रिय चित्रपटांनी ख्रिस्ती म्हणजे वांद्रे किंवा गोव्याकडचा, इंग्रजीमिश्रित मोडके हिंदी बोलणारा, झगा घालणारा आणि मद्याचे वावडे नसलेला, असा साचा तयार केला. या चित्रपटांतली माणसे वाईट नव्हती. अँथनी तर प्रेक्षकांचा लाडकाच होता. तथापि त्या साच्यात मराठवाड्याचा ख्रिस्ती कोठेच बसत नाही.

त्याचे आडनाव गायकवाड, साळवे किंवा जाधव असते. भेटल्यावर तो 'जय ख्रिस्त' म्हणतो. लग्नात वधू पांढरी साडी नेसते, पण आदल्या दिवशी हळद लागलेली असते, हातात हिरवा चुडा असतो आणि मंगळसूत्रात बहुधा लहानसा क्रूस ओवलेला असतो. नाताळाच्या फराळात केकबरोबर करंज्या आणि शंकरपाळेही असतात. उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, प्रभुभोजन, पाळक, मंडळी हे त्याच्या धर्माचे शब्द मराठीच आहेत. 'नाताळ' आणि 'पाद्री' हे शब्द पोर्तुगीजांकडून आले खरे, पण बटाटा आणि पावही त्याच वाटेने आले. त्यांना कोणी परके मानत नाही.

हा धर्म साहेबाने आणला, असे सरसकट म्हटले जाते. मराठवाड्यापुरते तरी ते अपुरे आहे. निजामाच्या राजवटीत जालन्याला फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे काम उभे केले ते नारायण शेषाद्री या ब्राह्मण धर्मांतरिताने. जालन्याजवळ मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसविली. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीची धुरा दीर्घकाळ वाहिली ती रत्तनजी नवरोजी या मूळच्या पारशी धर्मोपदेशकाने. गंगापूर-वैजापूर पट्ट्यात कॅथलिक मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचले. पुढे १९७७ मध्ये औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला. या सर्व प्रवाहांत येऊन मिळालेले लोक बहुसंख्येने महार आणि मांग समाजातले होते. त्यात दुष्काळात मिळालेल्या अन्नाचा वाटा होता, तसाच शाळेचा, दवाखान्याचा आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला नावाने हाक मारली जाण्याचाही होता. यांपैकी एकच कारण खरे मानणारे दोन्ही पक्ष आपल्या सोयीचा इतिहास सांगतात.

या लोकांना धर्म मिळाला तो मराठीतून. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्यातला मराठीचा गौरव आजही भाषेची थोरवी सांगताना हमखास आठवला जातो. 'ज्ञानोदय' नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला सुरू झाले. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. याच नगरच्या मंडळीत कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली. टाळ-मृदंग तेच, पूर्वरंग-उत्तररंगाची घडण तीच, आख्यान मात्र बायबलातले. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी शेकडो भजने रचली आणि तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाता येते, हे स्वतःच्या उदाहरणाने दाखविले. त्यांच्या हातून अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या हाती असलेल्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांची पदे आजही आहेत.

लोकधर्माची बाजूही पाहण्यासारखी आहे. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला दर सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते. मराठवाड्यातून लोक वाहने करून, काही पायी, तेथे जातात. नवस बोलले जातात, फेडले जातात; मेणबत्त्यांची आणि खेळण्यांची दुकाने लागतात; ख्रिस्ती नसलेल्यांचीही गर्दी असते. मरियेला 'माउली' म्हणणाऱ्या या भाविकाला वारी म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मग असा माणूस आपल्या नाटकांत, चित्रपटांत, मालिकांत का दिसत नाही? 'स्मृतिचित्रे'वर विजया मेहता यांनी केलेला दूरदर्शनपट हा ठळक अपवाद. तोही एका असामान्य ब्राह्मण दांपत्याचा. गंगापूरच्या शेतमजूर ख्रिस्ती कुटुंबाची गोष्ट पडद्यावर सहसा आली नाही. त्याचा एक भाग मुंबईच्या चित्रपटसृष्टीच्या नजरेचा आहे. तिला वांद्र्यापलीकडे पाहण्याचे कारण पडले नाही. दुसरा भाग अधिक अवघड आहे आणि तो कायद्यातला आहे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मुळात फक्त हिंदूंना होता. तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला; ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये दिलेल्या अहवालात हा धर्माचा निकष काढून टाकण्याची शिफारस केली होती. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला आणि त्याला मुदतवाढीही दिल्या. दरम्यान २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात, प्रत्यक्षात ख्रिस्ती आचरण करणाऱ्या महिलेला अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र नाकारले आणि श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणे ही राज्यघटनेची फसवणूक ठरते, असे बजावले.

न्यायालयाचा तर्क आपल्या जागी सुसंगत आहे. पण गावात ज्याला चर्चमध्ये जाऊ लागल्यानंतरही त्याच जातीच्या नावाने ओळखले जाते, त्याच्यापुढचा पेच त्याने सुटत नाही. श्रद्धा जाहीर करावी तर मुलाची शिष्यवृत्ती आणि राखीव जागा जाते. दाखला जपावा तर रविवारचा देव कागदावरून पुसावा लागतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी होते. अशा पेचात सापडलेल्यांपैकी किती जण त्या आकड्यात आले असतील, हा प्रश्न रास्त आहे. ज्याला दिसणेच परवडत नाही, त्याची गोष्ट पडद्यावर कोण आणि कशी आणणार?

या जुन्या अडचणीत गेल्या दशकाने एक नवी भर घातली आहे. पूर्वी 'दयासागर' हा येशूच्या जीवनावरचा चित्रपट (मूळ तेलुगू 'करुणामयुडु', १९७८) गावोगाव पडदा लावून दाखवला जाई. आता प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे आणि त्यावर उत्तर भारतातल्या प्रार्थनासभांची हिंदी गीते अहोरात्र उपलब्ध आहेत. गिटार, ड्रम आणि कीबोर्डच्या साथीने गायिली जाणारी ही गीते तरुणांना आवडतात. त्यात गैर काही नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला टिळकांचे पद अर्थासकट वाचता येत नाही, यात दोष त्याचा नाही. परंतु ज्या उपासनेने चारशे वर्षे मराठीचा आधार घेतला, तिची नवी पिढी हिंदी-इंग्रजीकडे वळली तर नुकसान केवळ चर्चचे होणार नाही. ख्रिस्ती माणूस परका, हा चित्रपटांतला साचा त्याच्याच घरातून खरा ठरू लागेल.

आणि परका ठरण्याची किंमत आज अधिक आहे. जबरदस्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा विचार करण्यासाठी राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आमिष वा धाक दाखवून कोणाचा धर्म बदलू नये, याबद्दल दुमत नाही. मात्र भाड्याच्या खोलीत दहा-पंधरा माणसे प्रार्थनेला जमली की तेथे धर्मांतरच चालले असणार, असा संशय घेतला जाऊ लागला तर घरगुती प्रार्थनाही पोलिसांच्या चौकशीचा विषय होईल. ज्या पंथांच्या नव्या मंडळ्यांना स्वतःची इमारत नाही, त्यांना हे प्रथम जाणवेल.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली ती सप्टेंबर २०१९ मध्ये. ती जाहीर झाली तेव्हा साहित्य महामंडळाचे कार्यालय याच शहरात होते. बायबलचे सुबोध मराठी रूपांतर करणारा, 'सुवार्ता'चा संपादक आणि वसईच्या हरित चळवळीत उभा राहिलेला हा लेखक ख्रिस्ती धर्मगुरू आहे, एवढ्यावरून काही संघटनांनी विरोध केला. महामंडळ बधले नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, मराठवाड्याच्याच भूमीवर दिब्रिटो अध्यक्ष म्हणून व्यासपीठावर आले, पाठीच्या दुखण्याने बेजार असतानाही बोलले आणि मंडपातल्या श्रोत्यांनी त्यांना ऐकून घेतले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला.