व्हॅम्पायर गोराच का? एका नापास पोस्टरच्या निमित्ताने

आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. तिथे येणारी एकोणीस वर्षांची एक मुलगी ग्राफिक डिझाईनचा कोर्स करते. क्लासमध्ये तिला काम मिळालं : तरुण मुलांसाठीच्या व्हॅम्पायर सिनेमाचं पोस्टर. सिनेमा काल्पनिक, मार्क खरे. तिने मामेबहिणीला रात्री पाण्याच्या टाकीखाली उभं केलं, एका बाजूने मोबाईलचा टॉर्च धरायला लावला आणि फोटो काढला. सावळ्या गालावर उजेडाची एक धार, बाकी अंधार. मी पाहिलं आणि दचकले. म्हणजे पोस्टरचं काम झालं होतं.

सरांनी ते परत दिलं. "मेहनत दिसते, पण चेहरा सूट होत नाही. नेटवरून एखादी गोरी मुलगी घे. व्हॅम्पायर असा नसतो."

"ताई, व्हॅम्पायर कसा असतो ते सरांनी कुठं बघितलं?" तिने मला विचारलं.

हसू आलं, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरांनी तो पोस्टरवरच बघितलाय. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेत 'ट्वायलाइट' आला. स्टेफनी मेयर यांच्या २००५ च्या कादंबरीवरचा, कॅथरीन हार्डविक यांनी दिग्दर्शित केलेला. सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलरमध्ये बनला आणि जगभरात ३९ कोटींहून जास्त कमावून गेला. त्याचं पोस्टर आठवा. दोन फिकट चेहरे, भोवती काळोख, सगळ्यावर करडी-निळी झाक. कृती सोपी आहे : फोटोतला रंग उडवा, निळा चढवा, चेहऱ्याचा उजेड वाढवा, सावल्या अजून काळ्या करा. या कृतीत गोरी कातडी चमकते आणि सावळी कातडी राखेसारखी होते. मग आपण म्हणतो, चेहरा सूट होत नाही. सूट होत नाही ती कृती. सावळ्या चेहऱ्याला बाजूचा उजेड लागतो, उबदार रंग लागतो. हे त्या मुलीला टॉर्चने कळलं, सरांना अजून कळायचंय.

हार्डविक यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं की व्हॅम्पायर कुटुंबात वेगवेगळ्या वर्णांचे कलाकार घ्यायची त्यांची इच्छा होती, पण लेखिकेच्या मनातलं ते कुटुंब गोरंपान होतं. म्हणजे पोस्टरवरचा गोरेपणा आपोआप आलेला नाही. तो निवडलेला आहे.

आता आमच्यातलेच एक कार्यकर्ते म्हणाले, "रक्त पिणारा गोरा दाखवतात ते बरंच आहे की! आपल्याला कशाला पाहिजे तो मान?" युक्तिवाद चटकदार आहे, पण जुन्या व्हॅम्पायरला लागू पडतो. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला, १८९७ चा, किल्ल्यात राहणारा सरंजामदार होता आणि भोवतालची खेडी त्याला टरकून होती. मार्क्सने भांडवलाला व्हॅम्पायरची उपमा दिली ती उगाच नाही. रक्त कोण पितं हे कष्टकऱ्याला ठाऊक होतं. ट्वायलाइटने याच सरंजामदाराला कॉलर उभी करून शाळेत बसवलं. तो श्रीमंत, सुसंस्कृत, हळवा प्रियकर झाला. त्याचं कुटुंब माणसांऐवजी जनावरांचं रक्त पितं आणि स्वतःला गमतीने 'शाकाहारी' म्हणवतं. ही गंमत आपल्याइतकी कोणाला कळणार? शाकाहारी म्हणून श्रेष्ठ, आणि पलीकडच्यांचा म्हणे वास येतो! पोस्टरवर हा खलनायक नाही. ज्याच्यावर प्रेम करावं तो चेहरा आहे. तिथे कोण शोभतं आणि कोण नाही, यावर माझं भांडण आहे.

पलीकडचे कोण? क्विल्यूट. ही खरी आदिवासी जमात आहे, वॉशिंग्टन राज्यात ला पुशला समुद्रकाठी राहणारी. त्यांची राखीव जमीन मूळची जेमतेम एक चौरस मैल. कथेत यांची पोरं लांडगे होतात. २००९ च्या 'न्यू मून'च्या जाहिरातीत ती उघड्या अंगाने, दंडावर गोंदण मिरवत उभी आहेत. गोरा कोटात, आदिवासी उघडा. क्विल्यूटांच्या उगमकथेत लांडग्यांची माणसं झाली. सिनेमाने माणसांचे लांडगे केले. त्यांच्या नावावर कपडे-दागिने विकले गेले आणि जमातीच्या हाती काही आलं नाही, हा मुद्दा कायद्याच्या प्राध्यापिका अँजेला रायली यांनी २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये मांडला. त्या वेळी ही जमात त्सुनामीच्या टप्प्यातून गाव उंचावर न्यायला जमीन मागत होती. ती देणारा कायदा २०१२ मध्ये झाला. पोस्टरवर लांडगे होते, गाव नव्हतं.

"अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस पडल्यात आणि तुम्ही अमेरिकेतले व्हॅम्पायर घेऊन बसलात," असंही ऐकलं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांना पत्र लिहिलं तेव्हा त्यांच्याकडे कामं कमी होती काय? १९७२ मध्ये आपल्या पोरांनी पँथर हे नाव कुठून घेतलं? आणि अमेरिका राहू द्या, १४ एप्रिलचे आपले फ्लेक्स बघा. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत आपली उन्हातली पोरं, आणि प्रत्येकाचा चेहरा अ‍ॅपमधून दुधात बुडवून काढलेला. काही ठिकाणी तर खुद्द बाबासाहेबांना गोरं केलेलं असतं. हे करायला कोणी शत्रू येत नाही. फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसलेला आपलाच भाऊ करतो, कारण क्लासमध्ये त्याला तसंच शिकवलेलं असतं.

वस्तीतली कितीतरी मुलं आज याच कामावर पोट भरतायत. लग्नपत्रिका, बॅनर, यूट्यूबचे थंबनेल. हा रोजगाराचा प्रश्न आहे, तसाच तो आपला चेहरा कोण ठरवणार याचाही आहे.

मुलीने फोटो बदलला नाही. तेच पोस्टर पुन्हा दिलं, मार्क कमी पडले, कोर्स पास होण्यापुरते मिळाले. आता ते अभ्यासिकेच्या दारावर लावलंय. मामेबहीण रोज त्याच्यासमोर उभी राहून केस नीट करते, आणि लहान पोरं अंधार पडला की टाकीकडे एकटी जायला तयार नसतात.