सर्वांत भयंकर रोग कोणता?

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववीच्या वर्गांत सांसर्गिक रोगांचा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें मध्येंच विचारलें, “सर, सर्वांत भयंकर रोग कोणता?” प्रश्न सोपा वाटला, म्हणून मीं तो वर्गाकडेच परत पाठविला. उत्तरें भराभर आलीं. कोणी प्लेग म्हणाला, कोणी इबोला, कोणी कोरोना. मागच्या बांकावरील एकानें कुत्रें चावल्यावर होणाऱ्या रोगाचें नांव घेतलें. क्षयाचें नांव कोणींच घेतलें नाहीं, आणि गोवराचें नांव मीं काढलें तेव्हां तर सारा वर्ग हंसला. त्या हंसण्यामुळेंच हा लेख लिहिण्याची इच्छा झाली. कारण ही समजूत मुलांपुरती नाहीं. घरोघरीं वडील मंडळींच्या मनांतही रोगांची अशीच एक उतरंड रचलेली असते, आणि ती माझ्या मतें बहुधा उलटी रचलेली असते.

‘भयंकर’ या एका शब्दाच्या पोटांत दोन निरनिराळे हिशेब दडलेले आहेत. शंभर माणसें आजारी पडलीं तर त्यांतील किती दगावतात, हा एक. आणि सगळ्या देशांत मिळून किती माणसें त्या रोगानें जातात, हा दुसरा. समजा, एका रोगानें शंभर माणसें आजारी पडलीं व पन्नास मेलीं. दुसऱ्यानें एक लक्ष माणसें आजारी पडलीं, पण शेंकडा दोनच मेलीं. कोणता रोग अधिक भयंकर? हें उदाहरण फळ्यावर मांडल्यावर प्रथम हात वर झाला तो गणितांत कच्च्या समजल्या जाणाऱ्या एका मुलीचा. “सर, पहिल्यानें पन्नास नेलीं, दुसऱ्यानें दोन हजार,” ती म्हणाली. शेंकडेवारीचा पाठ आम्ही शिक्षक नफातोट्याच्या उदाहरणांतच संपवितों, याची मला त्या वेळीं थोडी लाज वाटली.

आपल्याच प्रांताचा इतिहास पाहावा. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला व तेथून पुण्यास आणि आपल्या नाशिक जिल्ह्यांत पसरला. पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांस तोच रोग जडला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. भगूर गांवीं १८९९ सालीं दामोदरपंत सावरकर याच रोगानें गेले, आणि त्यांचीं मुलें पोरकीं झालीं. गांठीच्या प्लेगवर उपचार न झाल्यास शंभर रोग्यांपैकीं तीस ते साठ दगावतात. फुप्फुसांत शिरलेल्या प्लेगांतून तर उपचारावांचून क्वचितच कोणी वांचतो. पुढील वीस-पंचवीस वर्षांत या रोगानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. लोकांनीं गांवें सोडून रानांत झोंपड्या घातल्या, त्या आठवणी अजूनही घराघरांतून निघतात.

आतां दुसरें चित्र. १९१८ च्या जून महिन्यांत मुंबई बंदरांत इन्फ्लुएंझा उतरला. आपल्याकडे त्यास मानमोडी म्हणत. पहिली लाट सौम्य होती. पावसाळा सरतां सरतां दुसरी आली ती काळासारखी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ माणसें मेलीं. मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक आणि सगळ्या हिंदुस्थानांत निरनिराळ्या अंदाजांप्रमाणें सवा ते पावणेदोन कोटी माणसें गेलीं, तींही बहुतांशीं तीन-चार महिन्यांत. १९२१ च्या जनगणनेंत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षां कमी भरली. असें दुसऱ्या कोणत्याही दशकांत झालें नाहीं. आणि तरीही मानमोडीनें आजारी पडलेल्यांपैकीं बहुसंख्य लोक बरे झाले होते! शंभरांतून अर्धे मारणाऱ्या प्लेगला जें वीस वर्षांत साधलें, त्याहून अधिक या ‘साध्या तापानें’ एका हंगामांत करून दाखविलें, कारण त्यानें जवळ जवळ प्रत्येक घराचें दार ठोठावलें. तथापि प्लेगची आठवण राहिली आणि मानमोडी लोक विसरले. मनुष्याचें मन गांठीला भितें, सर्दीला भीत नाहीं.

माझ्या वर्गाला हंसूं आणणाऱ्या गोवराचेंही असेंच आहे. इबोलाचा रोगी भेटला तर त्याच्या रक्ताचा किंवा शरीरांतील स्रावांचा प्रत्यक्ष संपर्क व्हावा लागतो. गोवराचा रोगी खोलींतून निघून गेल्यावरही त्याचे जंतु दोन तासांपर्यंत हवेंत टिकूं शकतात. ज्यांनीं लस घेतली नाहीं व ज्यांना पूर्वीं गोवर झाला नाहीं, अशांत एक रोगी बारा ते अठरा जणांस रोग देतो. पश्चिम आफ्रिकेंत २०१४ ते २०१६ या काळांत इबोलाची जी मोठी सांथ आली, तींत सुमारे ११,३०० माणसें मेलीं, आणि सगळ्या जगाचीं वर्तमानपत्रें त्या बातमीनें भरलीं. गोवरानें एकट्या २०२३ सालीं जगांत एक लाखाहून अधिक जीव घेतले. त्यांत बहुतेक पांच वर्षांखालील बालकें होतीं. दूरचें कशाला? २०२२ च्या अखेरीस मुंबईंत, भिवंडींत व आपल्या मालेगांवांत गोवराची सांथ आली तेव्हां ज्यांच्या लशी राहून गेल्या होत्या अशीं लेंकरेंच मुख्यतः सांपडलीं. “गोवर काय, सर्वांनाच येतो” असें म्हणणाऱ्या आजीबाईंना मी दोष देत नाहीं. त्यांच्या पिढींत तो खरोखरच सर्वांना येई. जीं वांचलीं त्यांनीं ही म्हण पुढें चालविली. जीं वांचलीं नाहींत त्यांना बोलतां येत नाहीं. नऊ महिने पुरे झाल्यावर पहिली मात्रा व सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी, इतकेंच आईबापांनीं करावयाचें आहे, आणि तेंही सरकारी दवाखान्यांत फुकट.

मृत्यूचें प्रमाण रोगाच्या कपाळीं कायमचें लिहिलेलें असतें असेंही कोणी समजूं नये. पटकीचा तीव्र झटका आलेल्या व उपचार न मिळालेल्या रोग्यांपैकीं अर्ध्याहून अधिक मरूं शकतात. पूर्वीं यात्रा-मेळे भरले कीं ही देवी यात्रेकरूंबरोबर घरीं येई. आपल्या गोदाकांठाला हें सांगावयास नको. १९७१ सालीं बांगला देशच्या युद्धाच्या वेळीं पश्चिम बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांच्या छावणींत पटकी पसरली. शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या करविल्या, आणि त्या पाण्यांत कालवून रोग्यांच्या आया-बहिणींच्याच हातून पाजविल्या. मृत्यूचें प्रमाण शेंकडा तीसच्या आसपास होतें तें चारांहून खालीं आलें. रोग तोच, जंतु तेच. बदलली ती शुश्रूषा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, सपाट भरून, हें माप आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास तोंडपाठ असावें, अशी माझी इच्छा आहे. सनावळ्या मागाहून आल्या तरी चालतील.

मागच्या बांकावरील त्या मुलाचें उत्तर खोटें नव्हतें. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं मनुष्य जवळ जवळ कधींच वांचत नाहीं. शेंकडेवारीनें पाहिल्यास याहून घातक रोग क्वचितच सांपडेल. परंतु हाच रोग आधीं टाळणें किती सोपें! जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठून लस सुरू करावी. १८८५ सालीं पाश्चर यांनीं जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलावर ही लस प्रथम योजिली, आणि तो मुलगा वांचला. मिरची, चुना, हळद जखमेवर लावण्यांत जो वेळ जातो, तोच नडतो.

येथें नाशिककरांस जवळची अशी एक गोष्ट आठवते. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांस १८४४ सालीं आफ्रिकेंत सिंहानें धरून हात मोडला, तरी ते जगले. पुढें १८७३ सालीं त्यांचा अंत झाला तो हिंवताप व अतिसार यांनीं. त्यांचें शव शेंकडों कोस वाहून समुद्रकांठीं आणणाऱ्यांत जेकब वेनराइट हा तरुण होता. गुलामगिरींतून सुटलेला हा मुलगा आपल्या शरणपूरच्या मिशनशाळेंत शिकला होता. सिंहाच्या गोष्टीचीं चित्रें पुस्तकांत छापतात. डांसाचें चित्र कोण छापणार?

याच्या अगदीं उलट प्रकार महारोगाचा. हा रोग सहसा जीव घेत नाहीं, आणि बहुसंख्य लोकांच्या शरीरांत त्यास तोंड देण्याची शक्ति उपजतच असते. औषधानें तो पूर्ण बरा होतो. तरी हजारों वर्षें माणसांनीं त्यासाठीं माणसें गांवाबाहेर काढलीं. प्रभु येशूनें महारोग्यास बरें करण्यापूर्वीं हात लावला, असें शुभवर्तमानांत सांगितलें आहे. त्या स्पर्शाचें मोल आंकड्यांनीं कळावयाचें नाहीं, पण आंकडे त्याच्या विरुद्ध नाहींत, एवढें शिक्षक या नात्यानें मी सांगूं शकतों.

आतां क्षय. रॉबर्ट कॉख यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं या रोगाचे जंतु जगापुढें मांडले. औषधें नव्हतीं त्या काळीं थुंकींत जंतु असणाऱ्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक कांहीं वर्षांत मरत. आज सहा महिने नेमानें औषध घेतलें तर बहुतेक रोगी बरे होतात, आणि तें औषध सरकार फुकट देतें. असें असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२३ सालीं भारतांत या रोगानें तीन लाखांहून अधिक माणसें मेलीं. इबोलाच्या त्या मोठ्या सांथींत गेलेल्यांच्या पंचवीसपटींहून हा आंकडा मोठा आहे, आणि तो एका देशाचा व एका वर्षाचा. माझ्या मतें याचें कारण जंतूंत जितकें आहे तितकेंच आपल्या घरांच्या बंद कपाटांत आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एक मुलगा महिनाभर शाळेंत आला नाहीं. घरून चिठ्ठी आली ती टायफॉइडची. पुढें त्याच्या वडिलांनीं मला एकटें गांठून खरें काय तें सांगितलें. मुलाला क्षय झाला होता. थोरल्या मुलीचें लग्न जुळत होतें, म्हणून गोष्ट झांकून ठेवली. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आलें, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस गोळ्या दिसूं नयेत म्हणून औषध बंद केलें. अर्धवट सोडलेलें औषध जंतूंना निर्ढावतें. मग नेहमींच्या गोळ्या त्यांना जुमानत नाहींत. या मुलाचें तेथवर गेलें नव्हतें, पण ताप परत आला आणि सारें पुन्हां पहिल्यापासून करावें लागलें.

चूक त्या वडिलांचीच होती असें मात्र नाहीं. हें ऐकल्याच्या दुसऱ्याच दिवशीं मीं त्या मुलाचा बांक खिडकीजवळच्या कोपऱ्यांत, इतरांपासून वेगळा, नेऊन ठेवला. “तेथें हवा चांगली येते,” असें मीं वर्गास सांगितलें. वर्ग काय समजावयाचें तें समजला. नंतर डॉक्टरांस विचारलें तेव्हां कळलें कीं योग्य औषध सुरू होऊन सुमारे दोन आठवडे झाले कीं बहुधा संसर्गाचें भय राहत नाहीं. या मुलास तर औषध पुन्हां सुरू करून महिना लोटला होता. इतरांना रोगाचे आंकडे शिकविणारा मी, एवढी साधी गोष्ट विचारण्यापूर्वींच घाबरलों होतों. वडिलांनीं घरांत जें केलें, तेंच मीं वर्गांत केलें.

तीन दिवसांनीं बांक परत मधल्या रांगेंत आणला आणि त्याचें कारण, मुलाची व वडिलांची अनुमति घेऊन, वर्गास उघड सांगितलें. त्या दिवसापासून शेजारचा मुलगा रोज सकाळीं त्याला विचारी, “गोळी घेतलीस का रे?” सहा महिने पुरे झाले. बहिणीचें लग्न ठरल्या तिथीस झालें; वराकडील मंडळींस तिच्या वडिलांनीं स्वतःच आधीं सगळें सांगितलें होतें.