माया आणि विद्या

बाळंतपणाचे व बालसंगोपनाचे ज्ञान बायकांना उपजतच असते, असा आपल्याकडे समज आहे. आम्हांस तो पटत नाही. आमच्या कोकणी घरांतील आजी तान्ह्याला उबेत ठेवीत, बाळंतिणीला ऊन पेज देत, हे योग्यच होते. परंतु त्याच प्रेमळ हातांनी आईचे पहिले चिकाचे दूध पिळून टाकले जाई आणि बाळाच्या जिभेवर मध ठेवला जाई. चीक बाळाचे रोगांपासून रक्षण करतो आणि पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून त्यास पाणीदेखील नको, हे आज सर्वमान्य आहे. माया भरपूर होती. विद्या अपुरी होती.

ही विद्या शिकविता येते काय? गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून तेथील ३९ गावांत, पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना बाळाचे वजन घेण्यास, श्वास मोजण्यास व जंतुसंसर्ग ओळखण्यास शिकविले. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेसाठी निवडलेल्या इतर गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले.

आपल्या हैदराबादेत तर १९५८ पासून राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तरीही पुष्कळदा ज्ञान उंबरठ्याशीच अडते. कारण शिकलेल्या सुनेच्या शब्दाला घरात मान नसतो. म्हणून विद्यार्थिनींनो, हे शिका. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही शिका. उद्या तुमची बहीण वा पत्नी 'मध नको' म्हणेल, तेव्हा तिच्या बाजूने बोलणारे कोणीतरी घरात असले पाहिजे.