‘सिग्नल फेल’ हे उत्तर आता चालणार नाही!

सातारा-सांगली जिल्ह्यांतील रेल्वे प्रवाशांना जाहीर आवाहन



परवा रात्री आमची गाडी दोन तास आउटरला उभी होती. डब्यातले पाणी संपले, लहान मुले रडून रडून झोपली. मिरजेला सकाळी वडिलांचे ऑपरेशन आहे म्हणून निघालेली एक मुलगी दर पाच मिनिटांनी दारात जाऊन सिग्नलकडे बघत होती. काय झाले हे आम्हाला चहावाल्याकडून कळले. सिग्नल फेल! रेल्वेकडून डब्यात एक शब्द आला नाही. गाडीचे आणि स्टेशनचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. त्या रात्री तिथला मास्तर एकटा हातात कागद घेऊन धावत होता, आणि नाव छापले तर उद्या त्याचीच मान धरली जाईल. आमचे भांडण त्याच्याशी नाही.

भांडण आहे ते ‘सिग्नल फेल’ या दोन शब्दांशी. पाऊस पडला, वीज पडली, तसा सिग्नल फेल झाला म्हणे! सिग्नल आभाळातून बिघडत नाही. केबल तुटते, रुळातल्या सर्किटमध्ये पाणी शिरते, रूळ बदलणाऱ्या पॉइंटची मोटर अडते, ॲक्सल काउंटर चुकीची मोजणी करतो. प्रत्येक बिघाडाला कारण असते आणि ते कारण रेल्वेच्या दप्तरात नोंदलेले असते. आपल्याला मात्र ते कधीच सांगितले जात नाही, कारण आपण कधी विचारलेच नाही. ही चूक आपली आहे, हे आधी कबूल करू.

बिघाड झाला की सिग्नल लाल होतो. तो लालच व्हायला हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग पॉइंट नीट बसलेत का हे माणूस पाठवून पाहावे लागते, चालकाला लेखी परवाना द्यावा लागतो, आणि गाडी ताशी 15 किलोमीटरने पुढे सरकते. मिरज-कोल्हापूरसारख्या 47 किलोमीटरच्या एकेरी मार्गावर समोरची गाडी पुढच्या स्टेशनात अडकते, तिच्या मागे मालगाडी, मालगाडीमागे पॅसेंजर. एका ठिकाणचा अर्धा तास संध्याकाळपर्यंत सगळ्या मार्गाचा होतो.

आणि हा मार्ग आपल्या एकट्याचा कुठे आहे? कोयना आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस कल्याण ते कर्जत लोकलच्या गर्दीतून वाट काढतात. लोणावळा ते पुणे 1978 पासून लोकल त्याच दोन रुळांवर धावतात. घोरपडीला सोलापूरची लाइन येऊन मिळते. बिघाड बदलापूरला, भुर्दंड भिलवडीला. गोवा एक्स्प्रेसने दिल्लीला जाणाऱ्यांनी 17 जून 2015 आठवावा. त्या दिवशी इटारसीची सिग्नल केबिन जळाली आणि महिनाभर देशभरातल्या गाड्या रद्द होत राहिल्या. आपली हद्द पुणे विभागात, मुंबईकडची मुंबई विभागात, मिरजेपुढची कर्नाटकाकडची हुबळी विभागात. जाब विचारला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. गाडी तीच, प्रवासी तोच, जबाबदार मात्र कुणी नाही!

उशीर म्हणजे काय, हे मुंबई-दिल्लीच्या कार्यालयात बसून कळत नाही. साताऱ्याचे स्टेशन माहुलीला, कराडचे ओगलेवाडीला. रात्री अकराला उतरणारा माणूस एक वाजता उतरला की एसटी गेलेली असते आणि रिक्षावाला म्हणेल तो आकडा द्यावा लागतो. मिरजेला दवाखान्याचा नंबर जातो, पंढरपूरची गाडी निघून जाते. कॉलेजच्या पोरांची परीक्षा बुडते. आणि वक्तशीरपणा मोजतात शेवटच्या स्टेशनावर! मधे कराडला, ताकारीला किती उशीर झाला, याचा हिशेब कुणाच्या खिजगणतीत नाही.

काही शहाणे म्हणतात, दुपदरीकरण झाले की सगळे सुरळीत होईल. पुणे-मिरज 280 किलोमीटरचे दुपदरीकरण हवेच आहे, त्यासाठी आपण सगळे झगडलो आहोत. पण कुर्ला-विद्याविहारला दोनाहून जास्त रूळ आहेत ना? एप्रिल 2012 मध्ये तिथे सिग्नलच्या केबल जळाल्या आणि मध्य रेल्वेची मुंबई ठप्प झाली. रूळ वाढले तरी देखभाल वाढत नाही. उलट काम चालू असताना जेसीबीच्या दातात सिग्नलची केबल सापडते. केबलजवळ खोदताना सिग्नल विभागाचा माणूस हजर हवा, असा नियम आहे. तो पाळला जातो का, हे विचारा. दुसरे म्हणतात, कंटाळा आला तर हायवेने जा. त्यांना उत्तर द्यायला आमच्याकडे वेळ नाही.

हा प्रश्न उशिरावर थांबत नाही. 17 जून 2024 ला बंगालमध्ये रंगापानीजवळ पहाटेपासून ऑटोमॅटिक सिग्नल बंद होते, गाड्या कागदी परवान्यावर सोडल्या जात होत्या. मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून आदळली. त्याच दिवशी मेलेल्या चालकावर दोष ढकलला गेला. चौकशीत निघाले की त्याला दिलेला परवानाच चुकीचा होता. त्याआधी 2 जून 2023 ला ओडिशात बहानगा बाजारला सिग्नलच्या चुकीच्या जोडणीने झालेल्या अपघातात 290 हून अधिक माणसे गेली. आपल्याकडे तसे होण्याची वाट बघायची का?

रेल रोको करू, असे तरुण पोरे म्हणतात. राग समजतो. गाडी अडवायची छाती या मातीत आहे, हे शेणोलीने 7 जून 1943 ला दाखवले. पण तेव्हा अडवलेली ती इंग्रजांच्या पगाराची गाडी होती. आज गाडीत आपलीच लेकरे बसलेली असतात. म्हणून आपला प्रवासी संघ गाडी अडवणार नाही. तो हिशेब मागेल, आणि हिशेब मागण्यात हा संघ आता मागे हटणार नाही.

आजपासून एवढे करा. गाडी रखडली की वेळ लिहा. खिडकीतून विजेच्या खांबावरचा आकडा दिसतो, तो लिहा. त्यावरून नेमकी जागा कळते. तिथूनच 139 वर किंवा रेलमदतवर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपा. तोंडी कुरकुर रद्दीतसुद्धा जात नाही! गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि जाणे रद्द केले, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरा, पूर्ण पैसे परत मिळतात. तिकीट फेकू नका. 6 सप्टेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने चार तास उशिरामुळे विमान चुकलेल्या प्रवाशाची 35,000 रुपयांची भरपाई कायम केली. उशिराचे कारण आपल्या हातातले नव्हते हे रेल्वेने सिद्ध करावे, असे बजावले. हा निकाल प्रत्येकाने घरात सांगावा.

माहिती अधिकाराचे अर्ज संघ तयार करत आहे. पुणे आणि मुंबई, दोन्ही विभागांना तीन वर्षांतले सिग्नल बिघाड स्टेशनवार, कारणासह आणि किती मिनिटांचे, असे विचारणार आहोत. सिग्नल विभागातली किती पदे रिकामी आहेत आणि गाड्यांची टक्कर टाळणारी ‘कवच’ यंत्रणा या मार्गावर कधी येणार, हेही विचारू. शुल्क 10 रुपये. एकाने दहा अर्ज करण्यापेक्षा दहा गावांतून दहा अर्ज जाऊ द्या. लोणंद, वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, किर्लोस्करवाडी, नांद्रे, प्रत्येक ठिकाणी एक माणूस तरी हवा. पासधारकांनो, रोज डब्यात पत्ते कुटायला वेळ असतो, चार ओळी लिहायला नसतो? दोन्ही खासदारांना आम्ही हेच कागद देणार आहोत. नुसते निवेदन आणि हार घेऊन फोटो काढायला कुणी येऊ नये.

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता कराड स्टेशनबाहेर जमायचे आहे. येताना जुनी तिकिटे, तक्रार क्रमांक आणि एक वही आणा. ज्यांना येता येणार नाही त्यांनी आपल्या स्टेशनावरच्या संघाच्या कार्यकर्त्याकडे नोंदी शनिवारपर्यंत पोचवाव्यात. आणि त्या रात्री मिरजेला निघालेली ती मुलगी हे वाचत असेल तर तिनेही यावे. तिच्या रात्रीची नोंद आमच्या वहीत पहिली आहे.

आपले,
प्रवासी संघाचे कार्यकर्ते, सातारा व सांगली